लेखनासाठी महाविद्यालय बदलावे काय?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत वडोदरे येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत बोलावे असे कार्यवाहांचे पत्र मला आले, तेव्हा त्यांनी विषयही सोबतच धाडला होता. एरवी वक्त्याला विषय निवडण्याची मोकळीक असते. मला ती मिळाली नाही, आणि त्यामुळे माझे काम सोपेच झाले. आपल्या उच्चशिक्षण साहाय्य निधीच्या नियमांत एक कलम आहे. ज्या महाविद्यालयासाठी कर्जरूप शिष्यवृत्ती मंजूर झाली, ते महाविद्यालय विद्यार्थ्याने मध्येच सोडल्यास पुढील हप्ते बंद होतात. हे कलम ज्या वडीलधाऱ्यांनी घातले त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आज इंजिनियरिंग, उद्या कॉमर्स अशी धरसोड करणाऱ्याच्या हाती समाजाचा पैसा पडू नये, एवढीच त्यांची काळजी. परंतु गेल्या दिवाळीत या कलमापुढे असा एक अर्ज येऊन ठेपला की, त्याचे काय करावे हे कार्यकारिणीला उमगेना, आणि अखेर एका शाळामास्तरणीला बोलावून तिच्याकडून चार शब्द ऐकून घ्यावे असे ठरले.

अर्ज एका मुलीचा आहे. दहावीपर्यंत ती माझ्या मराठीच्या वर्गात होती. पुढे ती अमेरिकेतल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकावयास गेली. तिथल्या महाविद्यालयाने अर्धी फी माफ केली, उरलेल्या खर्चाला घरची पुंजी आणि आपला निधी. आता दुसऱ्या वर्षात असताना ती लिहिते की, मला महाविद्यालय बदलावयाचे आहे. भांडण नाही, नापासही झालेली नाही. तिला लेखन शिकावयाचे आहे, आणि सध्याच्या ठिकाणी लेखनाचा एकुलता एक वर्ग आहे, तोही एक वर्षाआड भरतो. दुसऱ्या एका ठिकाणी तो विषय घेऊन पदवीपर्यंत जाता येते.

तिच्या आजोबांनी मला घरी बोलावले. आपण सर्व त्यांना ओळखता, म्हणून नाव घेत नाही. चहा होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘बाई, लिहायला शिकायला कॉलेज कशाला लागते? आणि लागलेच, तर या कॉलेजात कागद-शाई मिळत नाही काय?’’ म्हाताऱ्या माणसाचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्याकडे आजवर बहुतेक लेखक कोणत्याही वर्गात न बसता लेखक झाले. तेव्हा आजोबांना जे उत्तर मी दिले, तेच आज विस्ताराने आपणांपुढे मांडते.

प्रथम तिकडची रीत सांगितली पाहिजे. अमेरिकेत पदवीचा अभ्यासक्रम सामान्यतः चार वर्षांचा आणि सुमारे १२० क्रेडिटचा असतो. पहिली दोन वर्षे पुष्कळसे विषय सर्वांना सारखे असतात, मुख्य विषय नंतर ठरतो. त्यामुळे दोन वर्षे एका ठिकाणी शिकून उरलेली दोन दुसरीकडे काढणे यात तिथे कोणाला वावगे वाटत नाही. गरीब घरची मुले तर मुद्दामच पहिली दोन वर्षे स्वस्त कम्युनिटी कॉलेजात काढतात. आपल्याकडे कॉलेज बदलले म्हटले की शेजारी विचारतात, ‘काय झाले हो?’ तिकडे तसे विचारीत नाहीत. आता आपल्या देशातही २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर, २०२१ साली, क्रेडिट साठविण्याची पेढी निघाली आहे. म्हणजे आज जो अर्ज परदेशातून आला, तसा उद्या पुण्याहून किंवा हैदराबादेहूनही येणार, हे धरून चालावे.

आता उदाहरण. डॉना टार्ट ही कादंबरीकार बाई मिसिसिपी राज्यात वाढली. १९८१ साली ती ऑक्सफर्ड गावच्या मिसिसिपी विद्यापीठात दाखल झाली. हे ऑक्सफर्ड म्हणजे विल्यम फॉकनरचे गाव. लेखक होऊ इच्छिणाऱ्या मुलीला याहून अधिक काय हवे, असे आपण म्हणू. शिवाय तिचे लिखाण तिथे दुर्लक्षित राहिले असेही नाही. ‘हार्पर्स’ मासिकाचे एकेकाळचे संपादक विली मॉरिस तिथे निवासी लेखक होते. त्यांनी तिच्या कथा वाचल्या. बॅरी हॅना या कथाकाराने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कथावर्गात या पहिल्या वर्षाच्या पोरीला बसविले. आणि गंमत अशी की, ज्या मॉरिस यांनी तिला उचलून धरले, त्यांनीच इतरांसह तिला सांगितले की, तू येथे राहू नकोस. १९८२ साली ती दूर उत्तरेला, व्हरमाँट राज्यातल्या बेनिंग्टन या लहानशा महाविद्यालयात गेली.

तिथे तिला काय मिळाले? ग्रीक भाषा आणि वाङ्मय शिकविणारे क्लॉड फ्रेडरिक्स मिळाले. बरोबरीला लिहिणारी मुले मिळाली. ब्रेट ईस्टन एलिस हा तिचा सहाध्यायी. त्याची पहिली कादंबरी तो विद्यार्थी असतानाच, १९८५ साली, छापली गेली. टार्टबाईंनी बेनिंग्टनमध्येच आपली कादंबरी लिहावयास घेतली, कच्ची पाने एलिसला वाचावयास दिली, आणि १९८६ साली पदवी घेऊन त्या बाहेर पडल्या. ती कादंबरी, ‘द सीक्रेट हिस्टरी’, प्रसिद्ध व्हावयास १९९२ साल उजाडले. म्हणजे महाविद्यालय बदलून दहा वर्षे. तिसऱ्या कादंबरीस २०१४ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या पन्नाशीला पोहोचल्या होत्या. आपल्या निधीचा कर्जफेडीचा हिशेब ज्यांच्याकडे आहे त्यांनी ही सालेही वहीत टिपून ठेवावीत! लेखनाचे पीक असे उशिरा येते. आणखी एक मौज. त्या पहिल्या कादंबरीत जो तरुण सारी कथा सांगतो, तोही कॅलिफोर्नियातले कॉलेज सोडून व्हरमाँटमधल्या महाविद्यालयात आलेला आहे.

या हकिकतीतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की, जाण्याचा सल्ला जवळच्या शिक्षकानेच दिला. विद्यार्थी रुसून निघाला नव्हता, त्याला निरोप दिला गेला होता. हे वाचताना मला आमच्या घरातली एक जुनी आठवण झाली. आमच्या अब्बांना गझलेचा नाद होता, आणि उस्ताद-शागीर्द परंपरेच्या गोष्टी ते रंगवून सांगत. शागिर्दाने गझल लिहावी, उस्तादाने तिची इस्लाह, म्हणजे दुरुस्ती, करावी. कुठे वजन ढळले, कुठे शब्द फुकट गेला, हे दाखवावे. यासाठी एका गावात असण्याची सुद्धा गरज नसे. गालिब दूरदूरच्या शागिर्दांच्या गझला टपालाने मागवून दुरुस्त करीत. तरुण इक्बाल पंजाबातून हैदराबादेस, दाग देहलवी यांच्याकडे, आपल्या गझला पाठवीत असत. थोड्याच काळात दाग यांनी कळविले की, आता यांत दुरुस्तीला फारशी जागा राहिलेली नाही. उस्तादाने शागिर्दाला मोकळे केले. अब्बा म्हणत, खरा उस्ताद तोच.

तेव्हा ‘लिहायला शिकायला कॉलेज कशाला लागते’ याचे माझे उत्तर असे: कॉलेज लागत नाही, पान वाचणारा लागतो. पण तो आज कुठे भेटतो? माझ्याच वर्गाचे सांगते. माझ्याकडे एका तुकडीच्या पन्नास वह्या येतात. एकेका निबंधाला दहा मिनिटे द्यावीत म्हटले तर पाचशे मिनिटे झाली, म्हणजे आठ तासांहून अधिक. अशा तुकड्या तीन. त्यामुळे शुद्धलेखन, परिच्छेद, समारोप एवढे पाहून गुण द्यावे लागतात. ‘तू येथे खोटे लिहिलेस, तुला असे वाटले नव्हते,’ हे वाक्य वहीच्या समासात लिहावयाचे तर त्या मुलाला समोर बसवून घ्यावे लागते. त्याला वेळापत्रकात तास नाही.

अमेरिकेतल्या लेखनवर्गात हा तास असतो. त्याला ते ‘वर्कशॉप’ म्हणतात. शब्द कारखान्यातला आहे, आणि मला तो आवडतो. दहा-पंधरा मुले, एक शिक्षक. एकाची कथा आठवडाभर आधी सर्वांना वाटलेली असते. वर्गात ती सर्वांनी मिळून उलगडावयाची, आणि प्रचलित रीत अशी की ज्याची कथा, त्याने तेवढा वेळ गप्प बसावयाचे. आपल्या गावात १८९४ साली जन्मलेल्या, फारसीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियन यांना हा वर्ग पुण्यात सापडला. १९२३ साली सुरू झालेल्या रविकिरण मंडळात ही कवी मंडळी एकमेकांच्या कविता ऐकत, तपासत. फी नव्हती, हजेरीपट नव्हता, पण ऐकणारे कान होते. अमेरिकेने त्याचा अभ्यासक्रम केला, एवढेच. आयोवा विद्यापीठातील प्रसिद्ध लेखनवर्ग १९३६ पासून चालू आहे.

मात्र नावावर भुलू नये, यासाठी दुसरे उदाहरण देते. रेमंड कार्व्हर हा कथाकार गिरणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी लग्न, विशी ओलांडण्याआधी दोन मुले. १९५८ साली तो कॅलिफोर्नियातल्या चिको येथील सरकारी महाविद्यालयात शिकू लागला. त्या महाविद्यालयाचे नाव आपण कोणी ऐकले नसेल. तिथे १९५९ साली जॉन गार्डनर नावाचे तरुण शिक्षक आले. त्यांच्या नावावर तेव्हा एकही कादंबरी छापलेली नव्हती. खोलीत हस्तलिखितांची खोकी होती. घरी लेकरांच्या गलबल्यात कार्व्हरला लिहावयास जागा नाही हे कळताच त्यांनी आपल्या खोलीची किल्ली त्याला दिली. शनिवार-रविवारी तो तिथे बसून लिही. एकेक कथा गार्डनर पुन्हापुन्हा लिहावयास लावीत, एकेका स्वल्पविरामावर चर्चा करीत. हे सारे कार्व्हरने पुढे स्वतःच कृतज्ञतेने लिहून ठेवले आहे.

पुढच्या वर्षी, १९६० साली, कार्व्हरने महाविद्यालय बदलले, उत्तरेला आर्केटा गावी हम्बोल्टच्या महाविद्यालयात गेला आणि १९६३ साली पदवीधर झाला. मग तो त्या प्रख्यात आयोवालाही गेला. आर्थिक मदत मिळाली होती. त्यात बायकामुलांसह भागेना, आणि पदवी न घेताच तो परतला. त्यानंतर एका इस्पितळात रात्रपाळीला झाडूपोछ्याचे काम केले. पहिला मोठा कथासंग्रह निघाला तो १९७६ साली. तीन महाविद्यालयांपैकी त्याला घडविणारे कोणते, असे विचाराल तर तो नेहमी अप्रसिद्ध चिकोचेच, म्हणजे गार्डनरचेच, नाव घेई. आयोवाने त्याला काही दिले नाही असे नव्हे. पण पैशाअभावी तिथे टिकता आले नाही, हेही या सभेने ऐकून ठेवावे.

कधी कधी महाविद्यालय न बदलताही काम होते. फ्लॅनरी ओकॉनर ही जॉर्जियातली मुलगी आपल्या गावच्याच मुलींच्या महाविद्यालयात शिकली आणि १९४५ साली आयोवाला गेली ती पत्रकारितेची शिष्यवृत्ती घेऊन. तिथे गेल्यावर ती लेखनवर्गाचे प्रमुख पॉल एंगल यांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. तिचे दक्षिणी उच्चार त्यांना काही केल्या समजेनात. शेवटी त्यांनी कागद पुढे केला, आणि तिने त्यावर लिहून दिले की, मी पत्रकार नव्हे, मला आपल्या वर्गात घ्या. ही हकिकत एंगल यांनीच पुढे सांगितली. १९४७ साली तिने तिथली पदवी घेतली. आपल्या मुलीलाही मी पहिल्यांदा हेच विचारले, ‘‘अगं, जिथे आहेस तिथेच एखाद्या दारावर टकटक करून पाहिलीस का?’’ तिने पाहिली होती.

आणि आयोवाची गोष्ट निघालीच आहे, तर आपल्या गावचा धागाही सांगते. भारती मुखर्जी या कलकत्त्याच्या मुलीने तिथल्या विद्यापीठाची पदवी १९५९ साली घेतली, आणि एम.ए. केले ते १९६१ साली, इथे, आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. इथून त्या सरळ आयोवाच्या लेखनवर्गात गेल्या. १९६३ साली त्यांनी लेखनातली पदवी घेतली, तिथेच एका सहाध्यायी लेखकाशी विवाह केला, आणि पुढे १९८८ सालच्या कथासंग्रहास अमेरिकेतले समीक्षकांचे राष्ट्रीय पारितोषिक मिळविले. त्या २०१७ साली वारल्या. सयाजीगंजातल्या त्या घुमटाखालून रोज जाणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते.

आता खर्चाची बाजू. ती दडविली तर कार्यकारिणीवर अन्याय होईल. महाविद्यालय बदलले की जुने क्रेडिट सर्वच्या सर्व नव्या ठिकाणी धरले जात नाहीत. अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली एक अहवाल काढला. २००४ ते २००९ या काळात बदली घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरीने ४३ टक्के क्रेडिट बुडाले असा त्यांचा अंदाज होता. दोन वर्षांत ६० क्रेडिट झाले असतील तर त्यांतले सुमारे २६ गेले, म्हणजे जवळजवळ एक वर्ष वाया आणि एका वर्षाची फी अधिक. ही सरासरी आहे. नीट चौकशी करून गेलेल्यांचे कमी बुडतात. म्हणून नव्या महाविद्यालयाकडून कोणता विषय धरला जाईल हे आधी लेखी घेतले पाहिजे. परदेशी विद्यार्थ्यांना मिळणारी फीमाफी बहुधा पहिल्या वर्षी येणाऱ्यांसाठी अधिक असते, मध्येच येणाऱ्यांसाठी कमी. शिवाय परवान्याची भानगड आहे. विद्यार्थ्याची सरकारी नोंद जुन्या महाविद्यालयाने नव्याकडे वर्ग करावी लागते आणि नवी आय-ट्वेंटी घ्यावी लागते. हे न करता नुसते उठून दुसरीकडे गेले तर मुलीचे तिथले राहणेच धोक्यात येते. पालकांनी हे शब्द पाठच करून ठेवावेत.

आणि नव्या ठिकाणच्या पुस्तिकेत मोठ्या लेखकांची छायाचित्रे असली, तर ते लेखक पदवीच्या मुलांना खरोखर शिकवितात की रजेवर असतात, वर्गात किती मुले असतात, तिसऱ्या वर्षी येणाऱ्याला वरच्या वर्गात जागा मिळते की पुन्हा पहिलीपासून बसावे लागते, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. पुस्तिका खोटे बोलत नाही, पण पुष्कळ गोष्टींबद्दल गप्प बसते.

इतके असूनही मी या अर्जाच्या बाजूने बोलत आहे, कारण मी तिची पाने वाचली आहेत. तिने मला एकच कथा दोनदा पाठविली. मांडवीजवळचा एक जुना वाडा रिकामा होतो आहे, भाऊ-भाऊ भांडी वाटून घेत आहेत, अशी ती कथा. पहिली प्रत अकरा पानांची, जाण्यापूर्वी लिहिलेली. तीत अश्रू फार होते. दुसरी तिथल्या त्या एकुलत्या वर्गातून निघालेली, सहा पानांची. पहिल्या प्रतीच्या समासात तिथल्या शिक्षकांनी पेन्सिलीने नोंदविले होते की, हे माजघर मला दिसत नाही. ज्याने जन्मात माजघर पाहिले नाही त्याने ते मागितले, आणि मुलीने दुसऱ्या प्रतीत कोनाड्यातल्या दिव्याची काजळी लिहिली, भिंतीवर उंची मोजण्यासाठी ओढलेल्या रेघा लिहिल्या. रडणारे कोणी उरले नाही, आणि मला मात्र ती वाचून झाल्यावर काही वेळ दुसरे काम सुचले नाही. कथा इंग्रजीत आहे. माजघर आणि कोनाडा हे शब्द तिने तसेच ठेवले आहेत. हे शिक्षक येत्या वर्षी तिथे नाहीत. ‘आता पुढे जा’ असे त्यांनीच तिला लिहून दिले आहे, आणि ते पत्र अर्जासोबत आहे.

वडोदरेकरांना शिष्यवृत्तीच्या नियमांविषयी मी काय सांगावे? १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणास दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि कोलंबिया विद्यापीठात पाठविले. त्या थोर देणगीचे ऋण देशावर आहे. १९१६ साली ते पुढील अभ्यासासाठी लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयात दाखल झाले, आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. विद्यार्थी पुढे गेला होता, कागदावरची मुदत मागे राहिली होती. स्वतःची शिल्लक, मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांवर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्‌सी. झाले. या मुलीची कोणी त्यांच्याशी तुलना करीत नाही, मी तर नाहीच. पण अर्ध्यावर थांबलेला हप्ता काय करतो, हे या गावाइतके कोणास ठाऊक असणार?

माझी सूचना अगदी लहान आहे. कलमातील ‘महाविद्यालय सोडल्यास’ हे शब्द काढून ‘शिक्षण सोडल्यास’ असे घालावे. महाविद्यालय बदलणाऱ्याकडून तीन कागद मागावेत: सध्याच्या एखाद्या शिक्षकाचे पत्र, नव्या महाविद्यालयाने किती क्रेडिट धरले त्याचा लेखी तक्ता, आणि तिथल्या फीमाफीचे पत्र. लेखनाचा विद्यार्थी असल्यास त्याची काही पाने कोणीतरी वाचावीत. हे शेवटचे काम फुकट करावयास मी तयार आहे, आणि आपल्यात निवृत्त प्राध्यापकही आहेत. निधीची एकंदर मर्यादा वाढवावी असे मी म्हणत नाही. मंजूर रकमेहून अधिक खर्च आला तर तो घरच्यांनी सोसावा. आजोबांनी त्याला होकार दिला आहे. कॉलेज बदलण्याविषयी त्यांचे मत अजून पुरते बदललेले नाही, ही गोष्ट वेगळी.

तिच्या अर्जात तीनपैकी एक कागद आहे. क्रेडिटचा तक्ता मागविण्यास मी तिला कळविले आहे. फीमाफीचे पत्र प्रवेश मिळाल्यावरच येईल. तिकडे पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी मध्येच येणाऱ्यांचे अर्ज पुष्कळ ठिकाणी मार्चच्या सुमारास बंद होतात, आणि आपल्या कार्यकारिणीची ठरलेली बैठक एप्रिलात आहे. तेव्हा अध्यक्षमहाराजांना माझी विनंती की, या एका कलमापुरती बैठक फेब्रुवारीत बोलवावी.